आयर्लंडची पिपाणी आणि फलटणचा फोन

आमची नणंद कस्तुरी रोज संध्याकाळी आयर्लंडचा धिंगाणा ऐकायची. नव्याण्णव साल होतं. सांगलीत इंटरनेट नुकतं आलेलं, आणि हळदीचे भाव कळतील म्हणून माझ्या नवऱ्याने, अतिशयने, माजघरात कॉम्प्युटर बसवला होता. भाव त्यावर कधी कळले नाहीत. कस्तुरीने मात्र त्यात अमेरिकेतला एक रेडिओ शोधून काढला. सेल्टिक पंक म्हणे. पिपाणी, व्हायोलिन, त्यावर धडाधड ड्रम, आणि गाणारा असा की जणू भाडेकरूला घराबाहेर काढतोय. मधेच गाणं अडकायचं, ती श्वास धरून बसायची, पुन्हा सुरू झालं की पाय आपटायची. पहिल्यांदा माझं डोकंच उठलं. आठवड्याभरात मीही त्या तालावर भांडी घासायला लागले.

फोनची लाईन एकच, आणि दिवसभर ती मामंजींची. मामंजी म्हणजे माझे सासरे जिनदत्त, हळदीचे अडते. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात. मग घरातली सगळी मोठी माणसं बसदीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, प्रवचनाला जातात. तेवढा वेळ लाईन आमची. इंटरनेट लावलं की फोन एंगेज.

जुलैत फलटणचं स्थळ आलं. मुलगा सन्मती, घरचं कापडदुकान. इकडे कस्तुरीला पुण्याच्या एका कॉम्प्युटर क्लासने शिकवायला बोलावलं होतं, पण मामंजींचं एकच पालुपद, "आधी लग्न." पाहुणे मुलगी बघून गेले तसे ते म्हणाले, "फोन येईल त्यांचा. संध्याकाळीच करा म्हणून सांगितलंय, दिवसा लाईन मोकळी नसती."

कस्तुरीने माझ्याकडे पाहिलं. चातुर्मास तोंडावर आला होता. एकदा तो लागला की लग्नाची बोलणी चार महिने बंद, आणि तेवढ्यात तिला पुणे गाठता आलं असतं.

"वैनी, तवर फोन लागलाच न्हाई तर?"

"तर न्हाई लागला," मी म्हटलं. माझ्या वेळी माझ्याकडे असलं काही असतं तर मीही लावलं असतं.

त्या आठवड्यात आयर्लंडने आमचं माजघर दणाणून सोडलं. मोडेम किंचाळायचा, मी दाराशी राखण करायचे. आम्ही दोघी फार खुशीत होतो.

रविवारी मामंजी पेढ्यांचे पुडे घेऊनच आत आले. "ठरलं. आजच फलटणला जाऊन तोंड गोड करून येतो."

"फोन आला?" कस्तुरीने विचारलं.

"आला न्हाई, म्हणून तर. आमचं बोलणंच तसं झालं हुतं. नकार असला तर शनिवारपर्यंत फोन करायचा. न्हाई केला तर होकार. उगंच ताटकळायचं कशाला?"

हळदीच्या सौद्यात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. समोरच्याने हात काढून घेतला नाही, की मामंजींच्या लेखी सौदा पक्का. लेकीचंही त्यांनी तसंच ठरवलं, आणि हे आम्हा बायकांना सांगावं असं कोणाला वाटलं नाही. आठवलं की अजून माझं पित्त खवळतं.

चातुर्मास लागायच्या आत आमच्याच घरी साखरपुडा झाला. दोघांना माजघरात बोलायला बसवलं, सोबतीला मी. सन्मती खाली मान घालून बसला होता.

"तुमचा फोन लय एंगेज असतो," तो म्हणाला. "रोज लावत होतो."

"कशाला?"

"न्हाई म्हणायला. माझं मन दुसरीकडं हाय. माझा नकार घरी पटला होता सगळ्यांना. पण तुमचे वडील चार माणसं घेऊन पेढ्यांसकट दारात आले. आमच्या अण्णांना मग तोंड उघडता येईना."

कस्तुरीचा चेहरा उतरला. तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग म्हणाली, "आत्ता म्हणा की. बाहेर जाऊन सांगा. मी पण सांगते."

त्याने दाराकडे पाहिलं. बाहेर दोन्ही व्याही गळ्यात गळे घालून फोटो काढून घेत होते.

"तुम्ही आधी सांगा," तो म्हणाला.

कस्तुरी उठली आणि तडक मामंजींसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही बोलणार. मामंजींचे डोळे भरून आले होते. तिने बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांनी त्यात पेढा भरवला.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी लाईन मोकळी ठेवायचा हुकूम झाला, जावयांचा फोन येईल म्हणून. फोन रोज यायचा. कस्तुरी रिसीव्हर कानाला लावून बसायची, आणि पलीकडे सन्मतीही गप्प असायचा.