नकाशात उभे असलेले खांब

दर बारा दिवसांनी तो उपग्रह शहरावरून जायचा. ढग असोत की धूर, त्याच्या रडारला फरक पडत नसे. दोन फेऱ्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या की जमीन किती मिलिमीटर खचली ते कळायचं. ताडून पाहण्याचं हे काम करायची खाणकामगाराची थोरली लेक.

त्या आठवड्यात तिच्या पडद्यावर हिरव्यात एक तांबडा, वाकडा पट्टा उमटला. वर्षात एकोणीस मिलिमीटर, त्यातले अकरा गेल्या दोन महिन्यांतले. पट्टा तिच्याच गल्लीखाली होता.

कचेरीत साहेबांनी बंद खाणीचा जुना नकाशा उलगडला. "इथे छताला आधार म्हणून कोळशाचे खांब सोडलेत. तुमचंच काहीतरी चुकलंय. पुन्हा करा."

तिने पुन्हा केलं. तांबडं ते तांबडंच.

रविवारी तिने चित्र छापून घरी आणलं. आई हसली. "उपग्रहाला आपल्या गल्लीत काय ठेवलंय बघायला? खिडकीत बसणाऱ्या तुझ्या आत्याच्या नजरेतून इथलं काही सुटलंय का?"

वडिलांनी मात्र चित्र हातात घेतलं, फिरवून धरलं आणि तांबड्या पट्ट्यावरून बोट नेलं.

"हा तिसरा बोगदा," ते म्हणाले. "हे वळण माझ्या हातचं आहे."

"तिथे खांब आहेत ना, बाबा?"

"नाहीत. खाण बंद व्हायच्या महिन्यात मुकादम म्हणाला, जाता जाता खांबही काढून घ्या. आम्ही सातजण होतो. खांब नकाशात तेवढे उभे राहिले."

"आणि तुम्ही ब्रसुद्धा काढला नाहीत?"

"आधी भीती होती. पुढे वर घरं झाली, मग जीभ रेटेना. म्हणून तर इथे घर घेतलं. लोकांनी इथे राहायचं आणि मी लांब राहायचं, हे मनाला पटेना."

"आणि आम्ही?"

त्यांनी चित्राची घडी घातली. आई केव्हाच हसायची थांबली होती.

सोमवारी ते लेकीबरोबर तिच्या कचेरीत गेले. साहेबांसमोर उभ्यानेच सगळं सांगितलं आणि कागदावर सही केली. तीन दिवसांत एक्केचाळीस घरं रिकामी झाली. समोरची शिंपीणकाकू शिलाई मशीन गाडीत चढवताना थांबली.

"भाऊजी, बावीस वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलात की हो."

त्यांनी मशीनचं दुसरं टोक धरलं.

नवव्या दिवशी शिंप्याचं घर आणि शेजारची दोन घरं खिडक्यांपर्यंत जमिनीत गेली. आत कुणी नव्हतं.

सगळ्यांची सोय शाळेत केली होती. तिथे जेवायच्या बाकावर वडिलांच्या शेजारची जागा रिकामीच राही. थोरलीही त्यांच्याशी बोलत नव्हती. घर गेल्याचा राग तिला नव्हता. आपण लहानपणी त्या जमिनीवर उड्या मारत होतो आणि बाबा खिडकीतून बघत होते, हे तिला गिळवत नव्हतं.

आठवड्याने ती अख्ख्या खाणीचा नकाशा घेऊन आली आणि तिने तो त्यांच्यासमोर पसरला.

"अजून कुठले काढलेत?"

त्यांनी पेन्सिल मागितली. दोन ठिकाणी खुणा केल्या. दुसऱ्या खुणेवर वस्ती होती. थोरलीने तिथूनच साहेबांना फोन लावला.