अर्धं बोट आत

ड्रेस घट्ट झाला तर आमच्या गल्लीतल्या बायका स्वतःला दोष द्यायच्या, टेपमावशीला नाही. मावशीचं माप चुकत नाही, हे इथे सगळ्यांना पाठ होतं. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या आणि जिभेवर टोमणे, असा तिचा अवतार. "श्वास सोड, मी फोटो काढत नाहीये," असं म्हणत ती पोट आत ओढणाऱ्या भल्याभल्यांना सरळ करायची. आकडा ती सांगेल तो. वाकून बघायची कुणाला गरजच वाटली नाही.

असल्या बाईला डब्यांच्या नादी लावलं एका मॅडमने. आली ब्लेझर शिवायला आणि वजन उतरवायच्या पावडरीचे डबे ठेवून गेली. तुम्ही विका, चारजणींना विकायला लावा, त्या आणखी दुसऱ्यांना लावतील, आणि तुम्ही घरी बसून खा! "मावशी, तुमच्याकडे तर बायका आपणहून टेपखाली येऊन उभ्या राहतात," मॅडम म्हणाली. "तुम्ही नाही पुढे जाणार तर कोण?" मावशीला पटलं. डोळे अधू होत चालले होते, सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागत होती. म्हातारपणी बसून खायला मिळतंय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

पण बसून खाणं राहिलं दूर, मावशीच्या पायाला भिंगरी लागली. महिन्याचे ठरलेले डबे खपले नाहीत की 'सिल्व्हर' लेव्हल जायची, म्हणून उरलेले ती स्वतःच विकत घ्यायची. पलंगाखाली डबे, कपाटावर डबे, मशीनखाली पाय ठेवायला जागा नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! नणंद फोन उचलेना. ऑपरेशन झालेल्या जावेला भेटायला गेली, तर तिथेही पिशवीतून डबा निघाला. टाके दुखत असतानाही जाऊ कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडली. मावशीला कळलं नाही असं नाही. कळलं, आणि तरी तिने डबा उशाशी ठेवलाच.

मग कोपऱ्यावरच्या दुकानदारीण काकूंचा ड्रेस चुकला. तो मात्र खरोखरच चुकला होता. माप घेताना मावशी पावडरीचे गुण गात होती, आकड्याकडे लक्ष कुठलं! काकूंना चेन चढेना. "अगंबाई, इतकी सुटले मी?" त्या म्हणाल्या. "माझं चुकलं" म्हणायला मावशीने तोंड उघडलं, तेवढ्यात काकूच म्हणाल्या, "ती तुझी पावडर दे बघू." मावशीचं तोंड मिटलं.

तिथून पुढे ती ठरवून घट्ट शिवू लागली. कापड कमी कापायला हात धजेना. म्हणून कापायची बरोबर, नेहमीच्या सवयीने खऱ्या मापावर कच्चा दोराही घालायची, आणि मशीन तेवढी त्याच्या अर्धं बोट आत मारायची. बायका आरशासमोर लाजायच्या आणि डबा घेऊन जायच्या. मॅडमने मावशीला स्टेजवर बोलावून टाळ्या मिळवून दिल्या. त्या दिवशी घरी येऊन तिने मशीनशेजारच्या आरशावर कापड टाकलं. म्हणे धूळ बसते; गिऱ्हाईक आलं की तेवढं काढायची.

भाची आली ती नेमकी महिनाअखेरीला. बहिणीची एकुलती एक, मावशीच्या मशीनपाशी चिंध्यांच्या बाहुल्या करत वाढलेली. पहिली नोकरी लागली होती, ऑफिससाठी ड्रेस हवा होता. मावशीला लेव्हलसाठी एक डबा कमी पडत होता. एकच. तिने शिवण आत घेतली. पोरगी आरशासमोर उभी राहिली. दोन्ही हातांनी कंबर झाकून म्हणाली, "मावशी, कुणाला सांगू नकोस हं," आणि डबा पिशवीच्या अगदी तळाशी घालून गेली.

परवा तोच ड्रेस घालून ती परत आली. "मावशी, आत घे ना. बघ केवढा सैल झालाय!" खुशीत तिने गिरकी घेतली आणि पटकन भिंतीला धरलं.

"काय गं?"

"काही नाही, जरा गरगरतं. ऑफिसातही पडले एकदा, पण आईला बोलू नकोस. जेवण सोडलंय ना, नुसती पावडर घेते. ऑफिसातल्या दोघींनाही हवीय. त्या तुझ्याखाली लागतील, मग तुझी लेव्हल वाढेल, हो ना?"

मावशीने टेप लावली. खांद्याचं हाड बोटांना टोचलं. इतके दिवस दुसऱ्यांच्या लाजेवर धंदा केला, आज स्वतःची लाज वाटून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. वर लेव्हल वाढली असती.

"तू जाड नव्हतीसच," ती म्हणाली. "ड्रेस मी घट्ट शिवला होता. मुद्दाम."

भाची हसली. "काहीतरीच! तुझं माप कधी चुकतं का?"

जन्मभर कमावलेलं नाव असं आडवं आलं. मावशीने तिला ड्रेस बदलून यायला सांगितलं, तो उलटा केला आणि कात्रीच्या टोकाने शिवण उसवायला बसली. टाके दिसेनात. चष्मा पुसला तरी दिसेनात. शेवटी आत सोडलेली माया उलगडली. कडेच्या त्या जास्तीच्या कापडावर कच्चा पांढरा दोरा तसाच होता.

"ही तुझी कंबर," मावशी म्हणाली. "आणि ही मी मारलेली शिवण."

भाची त्या दोऱ्यावरून बोट फिरवत राहिली. "म्हणजे तेव्हा मी बरोबर होते?"

"बरोबर होतीस गं बाळा."

"मग का?"

"एक डबा कमी पडत होता."

पोरगी समोर येऊन उभी राहिली आणि तिने हात बाजूला केले. "आता परत घे माप."

मावशीने टेप कमरेभोवती आणली आणि आकडा सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच भाचीने मान वाकवून तो स्वतः वाचला.