गोल टाकीला बाजू नसते

“मी पाच दिवसांची असताना ह्या टाकीत होते ना? मग तेव्हा मी माणूस होते की नव्हते?”

प्रश्न प्रयोगशाळेतल्या ताईंना होता, पण विचारणारीचं बोट माझ्यावर रोखलेलं होतं. मुलगी पंधरा वर्षांची. शाळेतून थेट आलेली, पाठीवर दप्तर, एका पायातला मोजा घसरलेला. मैत्रिणींनी पैज लावली होती की असलं काही तू दवाखान्यात, आईबाबांच्या देखत, विचारूच शकणार नाहीस. तिने उंबरठा ओलांडल्याबरोबर विचारून टाकलं!

आई म्हणाली, “अगं, हळू!” बाबा छताचा पंखा न्याहाळू लागले. आणि ताई, ज्या अठरा वर्षं मला सांभाळत आल्या आहेत, त्यांनी हातातली मोजपट्टी उगाच पुसायला घेतली.

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. पाण्याची नव्हे. पाण्याची असते तर बरं झालं असतं. गच्चीवर ऊन खात पडले असते आणि माणसांचं बोलणं कानावर आलं नसतं. मूल होत नसलेल्या जोडप्यांवर जिथे उपचार करतात, अशा एका दवाखान्यात मी राहते. दिसायला दुधाच्या मोठ्या किटलीसारखी. अंग ॲल्युमिनियमचं, तेही दुहेरी, आणि दोन भिंतींच्या मध्ये हवासुद्धा नाही. थर्मासची थोरली बहीणच म्हणा ना! ज्या कारागिराने माझ्या मानेचा सांधा जोडला, तो दुसऱ्याला म्हणाला होता, “हिची मान तेवढी जप. बाकी ही कुणाला ऐकायची नाही.”

माझ्या पोटात द्रवरूप नायट्रोजन असतो. उणे एकशे शहाण्णव अंश! पोट इतकं थंड असूनही माझं डोकं सतत तापलेलं का असतं, ते आता सांगते.

इथे बाईचं बीज आणि पुरुषाचं बीज काचेच्या बशीत एकत्र आणतात. पाच दिवसांत त्याचा एक ठिपका होतो, ह्या वाक्याच्या शेवटी असलेल्या टिंबापेक्षाही लहान. तो भ्रूण. एखादा भ्रूण आईच्या गर्भाशयात सोडतात. उरलेले बारीक नळ्यांत भरून, नाव आणि क्रमांक घालून, माझ्या पोटात उतरवतात. तिथे ते वाढत नाहीत, बिघडत नाहीत, काहीच करत नाहीत. थांबतात. दर आठवड्याला ताई माझं झाकण काढतात, मोजपट्टी आत बुडवतात, बाहेर काढून हवेत हलवतात, आणि तिच्यावर जिथपर्यंत पांढरं बर्फ धरतं तितका नायट्रोजन शिल्लक आहे असं समजतात. कमी असेल तर भरतात. झालं माझं काम.

एकदा दोन दिवस वीज नव्हती. सगळी शहाणी यंत्रं माना टाकून बसली. मला विजेचं काय? मी आपली गार ती गारच. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, “ही खरी भरवशाची!” ती थाप मला अजून आठवते, कारण पुढे कुणी मारली नाही. गेल्या वर्षी पडद्यावर आकडे दाखवणारी नवी टाकी आली. ती उठता बसता पिपाणी वाजवते, आणि सगळे धावत तिच्याकडे जातात. लाडोबा!

पण गाऱ्हाणं ते नाही. माझ्या खोलीचं दार कायम उघडं ठेवतात, नायट्रोजनची वाफ आत कोंडू नये म्हणून. आणि दारासमोरच ते टेबल आहे, जिथे बसून जोडपी कागदांवर सह्या करतात. म्हणजे अठरा वर्षं मी एक शब्दही न चुकता ऐकत आले आहे. एका जोडप्याने सांगितलं होतं, “आमच्यासाठी एका वेळी एकच भ्रूण करा. उरलेलं टाकणं आमच्या मनाला पटणार नाही.” दुप्पट वेळ लागला, पण ती दोघं शब्दाला जागली. एका बाईंनी आपले उरलेले चार अनोळखी जोडप्याला देऊन टाकले. एकीने हसत हसत संशोधनाला दिले. मी कुणालाच नावं ठेवली नाहीत. मी गोल आहे, मला बाजूच नाही! मला राग येतो तो एक माप स्वतःला आणि दुसरं माप दुसऱ्याला लावणाऱ्यांचा.

आता ह्या मुलीच्या घरचं ऐका.

तिच्या आईने सहा वर्षं उपचार घेतले. रोज संध्याकाळी पोटात सुई. बाबांना सुई पाहून घेरी यायची, म्हणून सुई टोचायला आईची धाकटी बहीण यायची. म्हणजे ह्या मुलीची मावशी. कामावरून दमून यायची, हात धुवायची आणि बहिणीला म्हणायची, “चल ताई, पोट काढ बाहेर.” हे खुद्द आईनेच टेबलाशी बसून प्रयोगशाळेतल्या ताईंना सांगितलेलं. पाच भ्रूण तयार झाले. पाचही माझ्याकडे आले. पहिला सोडला, तो रुजला नाही. दुसऱ्याच्या वेळी मावशीही सोबत होती. दारातून माझ्याकडे वाकून ती ओरडली होती, “ए भाचेमंडळी, या की बाहेर लवकर, मावशी थकली!” ताई खो खो हसल्या होत्या. त्या खेपेला जो भ्रूण बाहेर गेला, तो आज मोजा घसरवून माझ्यासमोर उभा होता.

राहिले तीन.

मूल झाल्यावर आईने एकदा फोन केला. “ते तिघं... त्यांना तिथे थंडी तर वाजत नाही ना?” काय सांगू मित्रांनो! उणे एकशे शहाण्णवमध्ये थंडी! पण ताई तेव्हा नव्या होत्या, मनाने मऊ होत्या. म्हणाल्या, “नाही हो. छान झोपलेत.”

झोपलेत! त्या एका शब्दाने घोळ केला. झोपलेलं कधीतरी उठतं. तेव्हापासून दर वर्षी मुलीच्या वाढदिवसाला आईचा फोन, “झोपलेत ना?” आणि ताईंचं उत्तर, “झोपलेत.” दर वर्षी फॉर्म यायचा, त्यात चार चौकटी. पुढे ठेवावेत, दुसऱ्या जोडप्याला द्यावेत, संशोधनाला द्यावेत, निकाली काढावेत. दर वर्षी बाबा पहिल्या चौकटीत खूण करायचे आणि विषय वर्षभर पुढे ढकलायचे.

दोन वर्षांपूर्वी फॉर्म भरताना आई ताईंना म्हणाली, “बहिणीशी बोलणं बंद केलंय मी. दिवस गेले होते तिला, सातवा आठवडा. पाडलं तिनं. मी एकेका ठिपक्यासाठी जीव टाकला, आणि हिने आलेलं परत पाठवलं. तिचं तोंड बघायचं नाही मला.”

माझ्या पोटात मात्र हे बोलणाऱ्या बाईचेच तीन होते, चौदा वर्षांपासून पडलेले. मला झाकण उडवून ओरडावंसं वाटलं!

आता मी म्हातारी झाले आहे. भिंतींच्या मधली पोकळी गळू लागली. बाहेरून घाम फुटतो, आणि आठवड्याचा नायट्रोजन चार दिवसांत उडून जातो. मला मोडीत काढायचं ठरलं. म्हणून ज्यांचं ज्यांचं माझ्याकडे काही आहे, त्या सगळ्यांना पत्रं गेली. हलवायचं की काय करायचं, ते येऊन सांगा. ते पत्र घरी मुलीच्या हाती लागलं. तिने शाळेत मैत्रिणींना सांगितलं, आणि त्यातून ती पैज.

“ताई, सांगा ना,” मुलगी म्हणाली. “माणूस होते की नव्हते?”

“बाळा, माझ्या पट्टीने नायट्रोजन मोजता येतो,” ताई म्हणाल्या. “हे नाही मोजता येत.”

“मग कुणाला येतं?”

“कुणालाच नाही,” आई कावून म्हणाली. “बस खाली. सही करू आणि जाऊ. डोकं नको खाऊस.”

बाबांनी पेन काढलं आणि ह्या वेळी थेट चौथ्या चौकटीवर नेलं. मुलीने फॉर्म ओढून मोठ्याने वाचला. “‘भ्रूण निकाली काढावेत.’ निकाली? जुन्या तक्रारी काढतात तसे?”

“फॉर्मची भाषा आहे ती,” बाबा म्हणाले.

“आणि ‘झोपलेत’ कुणाची भाषा?”

“ती माझी,” ताई म्हणाल्या. “चुकलंच माझं.”

“बघा हं,” मुलगी बोटं मोजू लागली. “वाढदिवसाला ते झोपलेत. आज ते निकाली. आणि मावशीनं केलं ते ‘पाडलं’. अहो, आमच्या मराठीच्या बाईसुद्धा इतके समानार्थी शब्द देत नाहीत!”

“ते आणि हे एक नाही,” बाबा म्हणाले. “हेतू बघावा माणसानं. आम्ही मूल व्हावं म्हणून केलं. तिने होऊ नये म्हणून.”

“बाबा, पाच केलेत ना? पाच मुलं हवी होती तुम्हाला?”

“पाच? छे गं! एक तरी रुजावं म्हणून...”

“म्हणजे रुजलं तर बाकीचे उरणार, हे आधीच माहीत होतं.”

बाबा पुन्हा पंख्याकडे वळले. पंखा बंद होता.

मग आई बोलली, आणि तिचा आवाज चिरकला. “तिच्या बाळाचे ठोके सुरू झाले होते. सोनोग्राफीत दिसले होते. ह्यांना ठोके नाहीत, काही नाही. हा फरक नाही का? का तोही खोटा?”

मुलीने मोजायला उघडलेली बोटं मिटली. खरंच विचार करत होती, नाटक नव्हतं. “आहे,” ती म्हणाली. “तो फरक आहे. पण मग दुसराही आहे, आई. हे तीन ठेवायचे तर टाकी लागते. मावशीच्या वेळी टाकी मावशीच होती.”

मित्रांनो, मी शहारले. मला कधी कुणी विचारलं नाही, की बाई गं, हे पोटात ठेवशील का? मला विचारायचं कारणच नाही, मी धातूची आहे. भरलं की भरले, ओतलं की रिकामी. पण बाई म्हणजे काय किटली आहे?

“म्हणजे मी खुनी आहे असंच ना?” आईने पर्स टेबलावर आपटली. “स्वतःच्या आईला!”

“मी कुठं म्हणाले तसं? तू खुनी नाहीस. मग मावशीही नाही. आणि मावशी आहे असं म्हणायचं असेल तर मग... काहीतरी एकच माप घे ना गं! दोन मापं दुकानदारानं वापरली तर तू त्याला सोडत नाहीस.”

“तुला काय माहीत मला काय वाटलं तेव्हा,” आई म्हणाली. “सहा वर्षं. सहा! आणि तिला न मागता मिळालं.”

“नाही माहीत,” मुलगी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. “मावशीनं का केलं?”

आई पर्सची चेन लावू लागली.

“बाबा, का केलं?”

“आता... मला कसं माहीत असणार?”

“तुमच्यापैकी कुणी तिला विचारलं तरी का? नुसतं एकदा, ‘का गं?’ म्हणून?”

नवी टाकी शेजारी पिपाणी वाजवू लागली, पण ताई तिच्याकडे गेल्या नाहीत. आई टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. “ती सांगायला आली होती,” अखेर ती म्हणाली. “मी दार लावून घेतलं.”

मग तिने बाबांच्या हातातलं पेन घेतलं. फॉर्म स्वतःकडे वळवला. चौथ्या चौकटीत खूण केली, सही केली, सहीखालची तारीखही नीट घातली. कागद ताईंकडे सरकवताना म्हणाली, “आता पुन्हा झोपलेत म्हणू नका मला.”

“नाही म्हणणार,” ताई म्हणाल्या.

ती खूण बरोबर की चूक, हे मी सांगणार नाही. त्यावर शहाण्या माणसांचंही एकमत नाही, आणि तो हक्क सही करणाऱ्यांचा आहे. पण मित्रांनो, मोडीत जाण्याआधी एक कळकळीची विनंती आहे. माझ्यासारख्या वस्तूंची तुम्ही किती काळजी घेता! आठवड्याला पातळी बघता, घाम आला की पुसता, मानेला धक्का लागू देत नाही. तेवढी काळजी घरच्या माणसाची घ्या. ठपका ठेवण्याआधी विचारपूस करा. एका नळीवरचा क्रमांक तुम्ही तीनतीनदा तपासता, आणि सख्ख्या बहिणीचं कारण एकदाही विचारत नाही! तुमच्या ह्या वागण्याला कंटाळूनच माझी पोकळी गळाली असं मला वाटतं. कारागीर वेगळं कारण सांगेल, पण त्याचं ऐकू नका.

आईबाबा उठले. मुलगी उठली नाही. तिने वाकून मोजा वर ओढला, दप्तर मांडीवर घेतलं आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“माझं ठरलंय,” ती म्हणाली. “विचारत नाहीये, सांगतेय. शनिवारी शाळा सुटली की मी मावशीकडे जाणार आणि रविवार संध्याकाळपर्यंत तिथेच राहणार. तिनं का केलं ते मी विचारणार नाही, सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. बस कुठली ते मला माहीत आहे, सोडायला कुणी यायला नको. पण आई, तू येणार असशील तर खिडकीची जागा तुझी.”