निळा दिवा आणि मुंगीचे कान

मित्रांनो, दवाखान्याच्या जिन्याखाली मोडकी खुर्ची आणि रिकामे खोके यांच्या शेजारी जो करड्या रंगाचा जुना संगणक ठेवला आहे, तो मी. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून कोणीतरी एक चादर टाकली होती. आता सगळी धूळ त्या चादरीवर असते. सध्या मला काही काम नाही, म्हणून माझी हकीगत सांगतो.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. दोन कामगारांनी मला एका दुपारी जोडले. एकाने पंखा बसवला, दुसऱ्याने तारा लावल्या. लावता लावता एक स्क्रू हातातून निसटला आणि माझ्या पोटात पडला. त्याने मला हलवून पाहिले, तिरपे करून पाहिले आणि शेवटी "राहू दे" म्हणून झाकण लावून टाकले. त्या काळी निळ्या दिव्यांची टूम होती. माझ्या दर्शनी बाजूला असाच एक दिवा होता. आतली डिस्क काम करू लागली की तो लुकलुके. होता मोहरीएवढा, पण समोरच्या भिंतीवर त्याचा ठिपका उमटे. गिऱ्हाइकांना तो डोळ्यांत भरत असे. माझा वेग किती, माझ्यात किती मावते, हे फारसे कोणी विचारत नसे. "दिवा बघा, काय झकास आहे," असे दुकानदार सांगे, आणि लोक माना डोलावत.

मला ज्या बाईंनी नेले, त्यांनी मात्र दिव्याकडे पाहिलेही नाही. त्या लहान मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे कान तपासत. सगळे त्यांना कानाच्या बाई म्हणत. त्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. बाहेर बाके, आत बाईंचे टेबल आणि टेबलापलीकडे काचेची खिडकी असलेली एक आवाजबंद खोली. तपासणीसाठी येणाऱ्याला त्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन लावत. बाहेरून बाई कळ दाबत. मग मी माझ्या डिस्कवरून एक आवाज उचलून त्याच्या कानात सोडत असे. कधी जाड, कधी बारीक, कधी मोठा, कधी अगदी पुसट. ऐकू आला की मोठ्या माणसांनी हात वर करायचा. मुलांसाठी बाईंनी खेळ केला होता. मुलाच्या हातात लाकडी मणी द्यायचा आणि सांगायचे, "टुक झालं की मणी टोपलीत टाक." प्रत्येक मण्याची नोंद मी ठेवत असे आणि शेवटी कागदावर आलेख काढून देत असे. माझ्या कागदावर लोकांचा फार विश्वास होता. बाई काही सांगू लागल्या तरी लोक आधी कागद मागत.

पहिली काही वर्षे मी टेबलाखाली जमिनीवर होतो. मग एकदा फरशी पुसताना बादली कलंडली आणि पाणी माझ्यापर्यंत आले. मी थोडक्यात वाचलो. बाईंनी मला उचलून टेबलावर, खिडकीशेजारी ठेवले. जागा कोरडी होती, हवेशीर होती. माझे तोंड जरासे काचेकडे वळलेले होते, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. माझेही गेले नाही.

याला चार महिने झाले असतील, तेव्हा मुंगी आली. मुंगी हे तिचे घरातले नाव. वय चार वर्षे. बरोबर तिचे आईबाबा होते.

आई म्हणाली, "हिला मागून हाक मारली तर वळत नाही. बोलणंही अर्धवट आहे. साखरेला 'आका' म्हणते."

बाबा म्हणाले, "ट्रकचा भोंगा बरोबर ऐकू येतो. दार आपटलं की दचकते. खेळणी आवर म्हटलं की मात्र कान बंद. हट्टी आहे, दुसरं काही नाही."

बाईंनी मुंगीला आत बसवले. मोठी माणसे खिडकीकडे पाठ करून बसत. मुलांचा चेहरा दिसावा म्हणून बाई त्यांना खिडकीकडे एक बाजू करून बसवत. आत उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असे. बाई कळ दाबत गेल्या, मी आवाज सोडत गेलो आणि टोपलीत मणी पडत गेले. जाड आवाजाला मणी, बारीक आवाजाला मणी, पुसटातल्या पुसट आवाजालाही मणी. मी आलेख काढला. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

"कान ठीक दिसतात," बाई म्हणाल्या.

बाबांनी कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

त्या कागदाने घरात काय केले, ते मला पुढे मुंगीच्या आईच्या बोलण्यातून कळले. दोन महिन्यांनी ती मुलीला घेऊन परत आली. मी तोच आलेख काढला. आणखी दोन महिन्यांनी ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा बाईंच्या समोर बसून हळू आवाजात म्हणाली, "हिचे बाबा वाईट नाहीत हो. पण हाकेला ओ दिली नाही की ते तो कागद काढतात. म्हणतात, मशीन सांगतंय ऐकू येतं, म्हणजे ही मुद्दाम करते. मग तिला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं करतात. 'आता ये' म्हणून हाक मारतात, तर तेही तिला कळत नाही. ती तशीच उभी राहते. मग ते आणखी चिडतात. माझं काही चुकत असेल तर सांगा, पण एकदा परत बघा."

बाईंनी मान हलवली आणि मुंगीला आत नेले. तोवर तिला खेळ पाठ झाला होता. तिने आपण होऊन मणी उचलला.

त्या दिवशी टेबलावर पसारा फार होता. बाईंनी जाडजूड नोंदवही उचलून माझ्यासमोर उभी टेकवली. जाड आवाजांना मणी पडले. बारीक आवाज सुरू झाले आणि टोपलीत काही पडेना. बाईंनी तीनदा, चारदा कळ दाबली. मुंगी मणी हातात धरून बसून होती.

"दमली वाटतं," असे पुटपुटत बाईंनी काही लिहायला म्हणून नोंदवही उचलली. जाता जाता एकदा कळ दाबली. मणी पडला.

बाईंचा हात तिथेच थांबला. मग त्या उठल्या, आवाजबंद खोलीत गेल्या, मुंगीच्या गालाला हात लावला आणि तिच्या मागे जाऊन हेडफोनची वायर भिंतीतून काढून टाकली. आता मी कितीही आवाज सोडला तरी तो कोणाच्याही कानात जाणार नव्हता. त्या बाहेर आल्या. कळ दाबली. मणी पडला. पुन्हा दाबली. पुन्हा मणी पडला.

बाईंनी मुंगीच्या डोळ्यांकडे पाहिले. मुंगी काचेकडे पाहत होती. काचेवर एक निळा ठिपका होता. मी आवाज उचलला की तो लुकलुकत होता. मग बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असे पाहिले नव्हते.

"काय झालं?" आईने विचारले.

"तुमचं बरोबर होतं. चूक माझी आहे. ती ऐकत नाहीये, ती बघतेय."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे माझी मुलगी लबाडी करत होती?"

"छे. आपण तिला सांगितलं, टुक झालं की मणी टाक. तिला वाटलं, टुक म्हणजे तो ठिपका. तिनं आपलं सगळं ऐकलं."

मित्रांनो, मला वाईट वाटले असे म्हणालो तर ते खरे होणार नाही. मी यंत्र आहे. जे मणी पडले ते मी मोजले, आणि मोजण्यात माझी चूक नव्हती. पण माझा कागद खोटा होता, हेही तितकेच खरे.

त्याच दुपारी बाईंनी तळमजल्यावरच्या फ्यूजकाकांना बोलावले. त्यांचे रेडिओ, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करण्याचे दुकान होते. मुंगी आणि तिची आई बाहेर बाकावर थांबल्या.

"पट्टी चिकटवा की," फ्यूजकाका म्हणाले.

"आत्ताच चिकटवून बघितली. यंत्र तापलं की डिंक सुटतो आणि पट्टी लोंबते. मुलं मग पट्टीच बघत बसतील."

"मग तार तोडतो. दिवाच नको."

"तसं नको. डिस्क चालू असताना चुकून बंद केलं तर नोंदी जातील. मला दिवा दिसायला हवा, मुलांना नको."

फ्यूजकाकांनी डोके खाजवले. "म्हणजे त्याला बोलू द्यायचं, ओरडू द्यायचं नाही. होईल."

त्यांनी माझी वीज काढली आणि बाजूचे झाकण उघडले. दिव्याकडून दोन बारीक तारा आत जात होत्या. त्यांतली एक त्यांनी मधोमध कापली. मग खिशातल्या डबीतून तांदळाच्या दाण्याएवढा, रंगीत पट्ट्यांचा एक रेझिस्टर काढला. रेझिस्टर म्हणजे विजेच्या वाटेवरचा दरवान. तो थोडी वीज सोडतो, बाकीची अडवतो. काकांनी तो आधी नुसता पीळ देऊन जोडला आणि मला चालू केले. दिवा किंचित उतरला.

"हा काही ऐकायचा नाही," म्हणत त्यांनी वीज काढून त्याच्या दहापट ताकदीचा दुसरा लावला. आता दिवा विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकासारखा दिसू लागला, फक्त निळा. बाई आवाजबंद खोलीत जाऊन मुंगीच्या खुर्चीत, मुंगीएवढ्या उंचीला वाकून बसल्या. काकांनी कळ दाबली.

"दिसतोय?"

"नाही."

"आता टेबलाशी येऊन बघा."

"हो, इथून दिसतोय."

मग काकांनी वीज पुन्हा काढून तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची सळी तापवली. तारेची टोके खरवडली, राळ लावली, आधी टोक गरम केले आणि मग त्यावर कथलाची तार टेकवली. कथील पाण्यासारखे पसरले आणि क्षणात गोठले. दोन्ही सांधे झाल्यावर काकांनी रबराची बारीक नळी हातात घेतली आणि कपाळाला हात लावला. सांध्यांवर चढवायची ती नळी तारेत आधी ओवायला हवी होती.

"चाळीस वर्षं झाली, अजून हेच विसरतो," ते म्हणाले. एक सांधा सोडवून त्यांनी नळी ओवली आणि काम पुन्हा केले. सगळे मिळून अर्धा तास लागला. माझ्या आयुष्यातला सर्वांत डोळ्यांत भरणारा भाग एवढ्यात संपला. मला त्याने काही फरक पडला नाही. डिस्क पूर्वीसारखीच चालत होती.

बाईंनी हेडफोनची वायर परत भिंतीत लावली आणि मुंगीला पुन्हा आत बसवले. या वेळी आई खिडकीशी उभी होती. जाड आवाजांना मणी पडले. बारीक आवाज आले. मुंगी मणी उचलून तयार होती. तिने काचेकडे पाहिले. तिथे काही नव्हते. तिने बाईंकडे पाहिले, आईकडे पाहिले. मी आवाज मोठा करत गेलो. फार मोठा झाल्यावर तिने बिचकत एक मणी टाकला. मी आलेख काढला. पहिला अर्धा भाग सपाट होता आणि पुढे रेघ उतारावरून घसरावी तशी खाली गेली होती. साखरेतला 'सा', शाळेतला 'शा', हळूच मारलेली हाक, सगळे त्या उतारावर हरवत होते.

पुढच्या आठवड्यात बाबा आले. बाईंनी त्यांना दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून सगळे सांगितले. त्यांनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवले.

"म्हणजे मी मागून हाक मारायचो तेव्हा..."

"आवाज आला असेल. काय म्हणताय ते कळलं नसेल."

"आणि ती कोपऱ्यात उभी असायची तेव्हा?"

बाबांनी मान खाली घातली. मग त्यांनी कानाचे यंत्र कधी मिळेल एवढेच विचारले.

बाईंनी मला टेबलावर ठेवल्यापासून तपासलेल्या सगळ्या लहान मुलांना परत बोलावले. बहुतेकांचे कान खरोखर चांगले होते. आणखी एका मुलीचा कागद खोटा निघाला. एका कुटुंबाने घर बदलले होते. त्यांचा पत्ता बाईंनी पुष्कळ शोधला, पण लागला नाही. ती नोंद माझ्या डिस्कवर अजून तशीच आहे.

मुंगीला दोन्ही कानांना यंत्रे बसली. पहिल्या आठवड्यात तिने ती काढून बाबांच्या बुटात लपवली. बाबांनी पाय घातल्यावर ती सापडली. पण हळूहळू सवय झाली. वर्षभराने तपासणीला आली तेव्हा ती हेडफोन काढून बाईंना म्हणाली, "हा आवाज चिरका आहे. दुसरा लावा." बाईंनी 'चिरका' हा शब्द तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

त्या दिवशी बाबा बाहेर बाकाजवळ होते. निघायची वेळ झाली. मुंगी पाठ करून भिंतीवरचे चित्र पाहत होती. आता यंत्रे होती, हाक पुरली असती. पण बाबा उठले, वळसा घालून तिच्या समोर गेले, गुडघ्यावर बसले आणि तिने आपल्याकडे बघेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "चल, निघू या."

मित्रांनो, नंतर बाईंनी नवे यंत्र आणले आणि मी जिन्याखाली आलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या घरात, शाळेत आमच्यापैकी पुष्कळ असतील. आमची धूळ पुसा, आम्हाला पाण्यापासून जपा, आणि आमचा उजेड कोणाच्या डोळ्यांवर पडतो तेही एकदा त्याच्या जागी बसून पाहा. आम्ही सांगतो ते जरूर ऐका. पण घरातले कोणी पुन्हा पुन्हा येऊन वेगळे सांगत असेल, तर आमचा कागद बाजूला ठेवा आणि आधी त्या माणसाचे म्हणणे तपासा. आम्ही फक्त पडलेले मणी मोजतो.