कपाटाखालचा खिळा

मित्रांनो, शंभर कड्या, दोन्ही टोकांना पितळी मुठी आणि लांबी बरोबर वीस मीटर, एवढी माझी ओळख कारखान्यातल्या माणसाने एका चिठ्ठीवर लिहून माझ्या गळ्यात बांधली होती. मी जमीन मोजणारी साखळी. आता जुनी झाले आहे. त्या चिठ्ठीतली एक गोष्ट पुढे खोटी ठरली. ती कशी, तेच आज सांगायचे आहे.

माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. मोजणी कचेरीत आले आणि रानोमाळ फिरू लागले, तेव्हा ज्या शेतातून सरपटत जाई त्याला मनोमन विचारी, 'तू कुणाचे?' बहुतेक शेतांना माणसे होती, पण माणसांकडे कागद नव्हता. कुणाच्या आजोबांनी दगड वेचले होते, कुणाच्या सुनांनी बांध घातले होते. लिहून मात्र कुणी ठेवले नव्हते. ते लिहून द्यायलाच आम्ही हिंडत असू. मोजणीदार माझी एक मूठ धरत, मदतनीस दुसरी. मोजणीदार शेवटचा सेंटीमीटरही सोडत नसत, म्हणून लोक त्यांना मागून 'दशांशराव' म्हणत. त्यांना ते ठाऊक होते आणि आतून आवडतही होते.

"साखळी कुणाची नातेवाईक नाही," असे ते म्हणत, तेव्हा माझ्या शंभर कड्या सुखावत.

एकदा आम्ही ओढ्याकाठचे एक रान मोजले. तिथे एक बाई एकटीच भाजी पिकवायची. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगी शाळेत शिकणारी. पायवाटेपासून ओढ्याकाठच्या हद्दीच्या खुंटीपर्यंत तिचे रान अठ्ठ्याण्णव मीटर भरले. तसे कच्च्या कागदावर लिहिले गेले. महिनाभरात कुणी हरकत घेतली नाही, की कागद पक्का होणार होता.

पण हरकत आली. तिचा दीर काखेत नवा पोलादी टेप धरून कचेरीच्या लांबलचक व्हरांड्यात येऊन उभा राहिला. तीही मागोमाग आली. मी भिंतीला टांगलेली होते, सगळे ऐकत होते.

"कागद म्हणतो अठ्ठ्याण्णव," दीर म्हणाला. "मी टेप लावून बघितला. अठ्ठ्याण्णव मीटर ओढ्याच्या अलीकडेच संपतात. मग काठाची दोन मीटर पट्टी उरते ती कुणाची? शेजारचा काठ माझा आहे, तर पट्टीही मला लावा."

"ती पट्टी गेली तर मी पाणी कुठून आणू, भावजी?"

"मागत जा की, वहिनी. मी काय नाही म्हणणार आहे?"

"तुम्ही नाही म्हणणार. पण तुमच्यामागून तुमचा मुलगा म्हणेल, त्याची बायको म्हणेल."

दशांशरावांनी चष्मा वर केला. "बाई, आपण ओढ्यापर्यंतच मोजलं होतं ना? मग आता दोन मीटर आलं कुठून?"

"मी सांगतो," दीर म्हणाला. "मोजणी झाल्यावर वहिनींनी हद्दीची खुंटी पुढे सरकवली. ओढा काय, पाणी उतरलं की लांब जातोच."

बाईने आवाज चढवला नाही. "साहेब, माझा एक नेम आहे. रोज सकाळी पायवाटेपासून खुंटीपर्यंत देवाचं नाव घेत जाते. एका पावलाला एक नाव. एकशे ऐंशी नावं होतात. खुंटी सरकवली असती तर नावं वाढली असती. आज सकाळीही एकशे ऐंशीच झाली."

"पावलांवर कचेरी चालत नाही, बाई."

"बरोबर आहे. पण माझी पावलं मी रोज मोजते. तुमची साखळी कोण मोजतं?"

मलाही कधी हा प्रश्न पडला नव्हता. मी एवढी चौकस, पण सगळे प्रश्न दुसऱ्यांना.

तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी फडके पिळता पिळता म्हणाल्या, "साहेब, एक विचारू का? पायरीजवळ फरशीत पितळेचा खिळा आहे. रोज फडकं अडकतं त्यात. तसाच एक त्या टोकाला कपाटाखाली आहे. कशाचे हो ते?"

दशांशरावांनी वाकून कपाटाखाली पाहिले. मग हळूच म्हणाले, "साखळी तपासायचे. बरोबर वीस मीटरवर ठोकलेत."

"मग तपासता कधी?"

"तपासायचो. कपाट इथं यायच्या आधी."

आतल्या खोलीचे छत गळू लागले म्हणून नऊ वर्षांपूर्वी कपाट व्हरांड्यात आले होते. त्यात सगळ्या गावांचे कागद. ते हलवायचे कोण, म्हणून कुणी हलवलेच नव्हते. त्या दिवशी मात्र चौघांनी रेटले. दीरानेही खांदा लावला, आपलेच खरे ठरणार म्हणून. मला फरशीवर पसरले. एक मूठ पायरीजवळच्या खिळ्यावर ठेवली. दुसरी कपाटाखालच्या खिळ्याच्या पुढे गेली. चांगली चाळीस सेंटीमीटर.

मित्रांनो, लाजेने मी थंडगार पडले. दगडधोंड्यांवरून ओढली जाताना माझ्या कड्या जोडणारी गोल वळी घासली होती, प्रत्येक ठिकाणी दाण्याएवढी. मी लांबले होते, म्हणून माझ्या मापात प्रत्येक रान आखूड भरत होते. शंभर मीटरच्या रानाला मी अठ्ठ्याण्णव म्हणत होते, आणि लोक माझ्यावर विश्वास ठेवून अंगठा उठवत होते.

दशांशरावांनी माझ्यावर खापर फोडले नाही. वही उघडून स्वतःच्या हाताने लिहिले, 'साखळी चुकीची. नऊ वर्षांच्या मोजण्या पुन्हा कराव्यात.' मग बाईला म्हणाले, "बाई, तुमची पावलं बरोबर होती. मी विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी पोलादी टेपने मोजणी झाली. पुरे शंभर मीटर. ओढ्याचा काठ तिच्या नावाने कागदावर चढला.

दीर कचेरीतून जाता जाता घुटमळला. "साहेब, माझं रान याच साखळीने मोजलं होतं का?"

"याच."

"म्हणजे माझंही कमी लागलं असेल?"

"लागलंच असेल. टेप हातात होता, तर स्वतःच्या रानात नाही धरला?"

बाईच म्हणाली, "भावजी, फेरमोजणीची यादी लागली आहे. नाव घाला. मोजणीच्या दिवशी मी येते टेपचं टोक धरायला."

"आणि कचेरीत येताना पाय पुसून या," मावशी म्हणाल्या.

आता माझी वळी बदलली आहेत. अजून कधीमधी रानात नेतात. लोक मला जपतात, तेलपाणी करतात, त्याचा आनंद आहे. पण मित्रांनो, एक मागणे आहे. वर्षातून एकदा तरी मला सरळ जमिनीवर पसरून बघा. लांबले असेन तर सांगा. माझे मला ते कळत नाही.