कट कोणी म्हटलं?

मी बेचाळीस वर्षांची आहे, चार सिनेमे दिग्दर्शित केलेत, तरी लोक मला ‘ढब्बू’च म्हणतात. सहाव्या वर्षी एका सिनेमात त्या नावाच्या गुबगुबीत मुलीचं काम केलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तेराव्या वर्षी उंची वाढली, चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या आणि फोन यायचे बंद झाले. पुढची पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या सेटवर उन्हातान्हात पळापळ केली, तेव्हा कुठे दिग्दर्शकाची खुर्ची मिळाली.

बाबांकडे मात्र माझी एकच गोष्ट होती. पाहुणे आले की ती निघायचीच. एका शॉटमध्ये मी कपाटात लपले होते. मध्येच दिवे गेले, मंडळी जेवायला गेली आणि ‘कट’ म्हणायचं राहून गेलं. “दीड तास बसली, पण कट ऐकल्याशिवाय बाहेर आली नाही,” बाबा छाती फुगवून सांगायचे. माझा फ्रॉक ओला झाला होता, तेवढं सांगायला बरोबर विसरायचे.

हे सगळं माहीत असून मी त्या दिवशी सात वर्षांच्या मुलीला लाकडी पेटीत बसवलं.

प्रसंग साधा होता. आई मुलीला पेटीत लपवते, कडी लावते आणि दारावर थापा पडतात. हवेसाठी पेटीला मागून सहा भोकं पाडून घेतली होती. मुलीला आम्ही सगळे ‘बाई’ म्हणायचो, कारण ती येईल-जाईल त्याच्या चुका काढायची.

“भीती वाटली तर आतून ठोक,” मी म्हणाले.

“भीती कशाला वाटेल? तुम्ही कट म्हणेपर्यंत मी हलणारसुद्धा नाही.”

मला तिचं कौतुक वाटलं. तिथेच माझं चुकलं.

कडी लागली, पहिली थाप पडली आणि सगळे दिवे गेले. वायर जळाल्याचा वास सुटला. “बाहेर व्हा, सगळे बाहेर,” कोणीतरी ओरडलं. आम्ही अंगणात आलो तोच निर्मात्याचा फोन. उद्यानंतर जागा मिळणार नाही म्हणून तो माझ्यावर डाफरत होता, मी त्याच्यावर. वीस मिनिटं त्यातच गेली.

मग मुलीचे वडील चहाचा कप घेऊन आले. “बाईसाहेबांनी काही खाल्लं का?”

“ती तुमच्याजवळ नाहीये?”

“मला वाटलं, तुमच्याजवळ आहे.”

मी कॅमेरामनकडे वळले. “कट कोणी म्हटलं?”

कोणीच म्हटलं नव्हतं.

मी आत धावले. आत मिट्ट काळोख होता. मोबाईलच्या उजेडात पाहिलं तर पेटी जागेवर नव्हती. शेजारच्या सेटवरून बोलावलेल्या वायरमनने वाट मोकळी करायला ती ढकलून भिंतीला लावली होती, भोकांची बाजू भिंतीकडे. वर दिव्यांचे दोन जड खोके. “सामान असेल वाटलं,” तो पुटपुटला.

खोके खाली ओढले. तिच्या वडिलांनी हाका मारल्या, मी मारल्या. आतून ब्र नाही. कडी अडकली होती. माझं नख मुळापासून तुटलं. मग मला कळलं की ती हाकेला ओ देणारच नाही.

“कट,” मी ओरडले.

आतून खोकल्याचा आवाज आला.

कडी हिसडून झाकण उघडलं तेव्हा तिचे केस घामाने निथळत होते, ओठ पांढरे पडले होते. “मी हलले नाही,” ती म्हणाली. तिचे वडील रडत होते, पण रडता रडताच म्हणाले, “बघितलंत? वीस मिनिटं. आवाजसुद्धा नाही.” त्यांनाही पाहुण्यांना सांगायची गोष्ट सापडली होती. मला इतका संताप आला की त्यांना मी अक्षरशः ढकलून बाजूला केलं.

“तू चुकलीस,” मी तिला म्हणाले. “आणि मी त्याहून जास्त चुकले. शॉट बिघडवायचा असतो अशा वेळी.”

तिचा चेहरा पडला. मग मी तिला कपाटाची गोष्ट सांगितली, फ्रॉकसकट. ते मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. ती माझ्या कानाशी आली. “माझाही झालाय,” ती म्हणाली. मी माझं जाकीट तिच्या कमरेला बांधलं आणि तिला उचलून बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी मी कडीचे खिळे काढून टाकले, पेटी भिंतीपासून हातभर पुढे ओढली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “आज कट बाई म्हणणार.”

झाकण लागलं. दोन सेकंदांत आतून आवाज, “कट.” मी उघडलं. तिने मला नीट निरखलं आणि परत खाली बसली. पुन्हा “कट.” पुन्हा उघडलं. असं नऊ वेळा झालं. निर्माता घड्याळाकडे पाहून सुस्कारे टाकत होता. मी दर वेळी उघडलं.

दहाव्या वेळी दारावर सगळ्या थापा पडल्या, शॉट पुरा झाला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले.

बऱ्याच वेळाने ती आतून म्हणाली, “आता कट.”