आधी बसा, मग बाटली

मी एक जुनं बाकडं आहे. जुनं म्हणा, हरकत नाही. पण अडगळ म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. संतपूरच्या एका औषधाच्या दुकानात, काउंटरसमोर, मी अठरा वर्षं पाय रोवून उभं आहे.

बाभळीच्या फळीतून सुतार अंकुशरावांनी मला घडवलं. "हत्ती बसला तरी हलणार न्हाई," असं ते म्हणाले होते. मित्रांनो, हत्ती काही आला नाही. आला तो खोकला! कोरडा, ओला, तुरीच्या मळणीच्या धुळीने लागलेली ढास. दुकान चालवणाऱ्या दानेश्वरीअक्काचा नियमच होता: खोकला, पडसं, घसा घेऊन येणाऱ्याने आधी माझ्यावर बसायचं. मग ती विचारणार, किती दिवस झाले? ताप आहे? बेडक्यात रक्त दिसतं? कुणाला मिठाच्या गुळण्या सांगून रिकाम्या हाताने घरी पाठवायची, तर कुणाला डॉक्टरकडे. "औषध घ्यायला आलाव का परीक्षेला?" असं लोक कुरकुरायचे. कुरकुरू द्या. मला त्या नियमाचा अभिमान आहे.

अक्काच्या धाकट्या भावाच्या, चन्नवीरच्या डोळ्यांत मात्र मी सलत होतं.

"गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायलंय, अक्का. तिथं मागितलं की बाटली हातात. हे बाकडं काढू अन् थंड पेयांचा फ्रिज ठेवू."

घसा बसलेल्यांपुढे थंड पेयं! वा रे अक्कल!

एका सोमवारी टेम्पोतून फ्रिज आलासुद्धा. अक्का आत औषधांची खोकी लावत होती. तेवढ्यात ठाणाकुशनूरच्या सुमनबाई आल्या आणि माझ्यावर मटकन बसल्या.

"अण्णा... दम..." एवढंच त्या म्हणाल्या.

चन्नवीरचं लक्ष टेम्पोकडे. "दम धरा की बाई! फ्रिज उतरायलाय, दिसंना का?"

"दम..."

"व्हय व्हय, देतो म्हटलं की! खोकल्याची लाल बाटलीच न्हवं?"

अहो, त्या दम धरायचं बोलत नव्हत्या, त्यांना दम लागला होता! त्यांच्या प्रत्येक श्वासासरशी माझी फळी थरथरत होती. मला तोंड असतं तर मी ओरडलं असतं. मग मी माझ्या सैल पायावर जोरात करकरलं.

अक्का बाहेर आली. सुमनबाईंचे निळसर ओठ बघताच तिने चन्नवीरच्या हातातली बाटली काढून घेतली.

"ताप कधीपासून?"

सुमनबाईंनी पाच बोटं दाखवली.

"बाटली न्हाई, दवाखाना! चन्नवीर, फ्रिज रस्त्यावर ठेव. ह्यांना टेम्पोत घाल!"

न्यूमोनिया निघाला. थोडा उशीर झाला असता तर बाई हाती लागत नव्हत्या.

तरी चन्नवीरचा हेका सुटला नाही. पंधरा दिवसांनी तो मला उचलायला दोन माणसं घेऊन आला. त्यांनी हात घातला, इतक्यात सुमनबाई आल्या आणि ऐसपैस माझ्यावर बसल्या.

चन्नवीर चपापला. "काय देऊ, बाई?"

"काई नगं. बसायला आलेय."

त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. माणसं निघून गेली.

मित्रांनो, औषधाआधी प्रश्न विचारणाऱ्यावर चिडू नका. दोन मिनिटं बसा, खरं सांगा. आणि चन्नवीरअण्णा, आता उचलून दाखवाच!